एका खुर्चीच्या सोन्यात दोन खुर्च्या

सोनं आगीत गेलं की थोडं तरी जातंच. काही मुशीला चिकटून राहतं, कानस मारताना बारीक चुरा उडतो, उजळताना अजून थोडं जातं, आणि हे सगळं धरून सोनार गिऱ्हाईकाला आधीच सांगून ठेवतो की एवढी घट येणार. माझे आजोबा सोनकाम करायचे त्यामुळे हे लहानपणापासून कानावर पडलेलं. बागेसरीच्या, म्हणजे सोनाराच्या शेगडीच्या, आजूबाजूची माती कुणी झाडून बाहेर टाकायची नाही, ती साठवायची, झारेकरी आले की त्यांना विकायची, ते ती धुऊन त्यातनं सोनं काढणार. आता खरी घट किती आणि सांगितलेली घट किती हे फक्त सोनाराला आणि देवाला माहीत, आणि सोनाराबद्दल लोकांच्या मनात जो पिढ्यान् पिढ्यांचा संशय असतो तो सगळा या दोन आकड्यांमधल्या फरकातून येतो.

म्हणूनच 7व्या शतकातल्या एका फ्रँकिश संताच्या चरित्रात सुरुवातीलाच घटीचा विषय येतो हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवूच शकलो नाही.

संताचं नाव एलिजियस, फ्रान्समध्ये त्याला सेंट एल्वा म्हणतात. तेव्हा आजच्या फ्रान्सवर मेरोव्हिंजियन घराण्याचे फ्रँक राजे होते, राजा होता दुसरा क्लोथार, आणि त्याच्या मनात सोन्याची, रत्नं जडवलेली एक खुर्ची करून घ्यायची होती. त्याच्या डोक्यात जशी होती तशी करून देणारा माणूस राजवाड्यात कुणी सापडेना. राजाचा खजिनदार बोब्बो म्हणाला, माझ्या ओळखीचा एक कारागीर आहे, लिमोजकडचा, काम चोख करतो. राजाने भरपूर सोनं तोलून बोब्बोकडे दिलं, बोब्बोने ते एलिजियसला दिलं. काही दिवसांनी एलिजियस खुर्ची घेऊन आला. राजा खूश, बक्षीस द्या म्हणाला. तेव्हा एलिजियसने अशीच दुसरी खुर्ची पुढे ठेवली आणि सांगितलं की सोनं उरलं होतं, वाया जाऊ नये म्हणून त्याची ही केली.

या ठिकाणी चरित्रात एक वाक्य आहे ते मी कितीतरी वेळा वाचलंय. त्याने एका सिलिक्वाचीसुद्धा कमतरता येऊ दिली नाही, बाकीच्यांसारखी लबाडी केली नाही, चावऱ्या कानशीने कण खाल्ले असं सांगितलं नाही आणि खादाड भट्टीने गिळलं असंही सांगितलं नाही. सिलिक्वा म्हणजे कॅरोबच्या झाडाची बी, रोमन लोक सोनं तोलायला ती वापरायचे, आपल्याकडे गुंज वापरायचे तसंच. तेराशे-साडेतेराशे वर्षांपूर्वीच्या लॅटिन मजकुरात सोनाराच्या घटीच्या दोन्ही सबबी नावानिशी येतात, कानस आणि आग, म्हणजे लिहिणाऱ्याने हे धंद्यातल्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं असणार हे उघड आहे.

आणि लिहिणारा खरंच जवळचा होता. त्याचं नाव ऑडोइन, घरातलं नाव दादो, राजदरबारात राजाच्या कागदपत्रांचा आणि शिक्क्याचा अधिकारी, एलिजियसचा अगदी जिवाचा मित्र. पुढे दोघंही बिशप झाले, दोघंही संत झाले, आणि एलिजियस गेल्यावर दादोने त्याचं चरित्र लिहिलं. आज आपल्या हातात आहे ती प्रत 8व्या शतकात कुणीतरी पुन्हा हात फिरवलेली आहे असं अभ्यासक मानतात, त्यामुळे प्रत्येक ओळ दादोचीच असं धरून चालत नाही, चमत्कारही भरपूर आहेत. पण मधे मधे असे तपशील येतात की ते कुणी मागाहून रचून घातलेत असं वाटतच नाही, ते डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचेच आहेत.

एलिजियसचा जन्म साधारण 588 चा, लिमोजजवळच्या शाप्तला गावचा. वडील युकेरियस, आई टेरिजिया. घर फ्रँकांचं नव्हे, जुन्या गॅलो-रोमन लोकांचं, म्हणजे फ्रँकांच्या आधीपासून रोमन राज्यात राहिलेल्या तिथल्या लोकांचं, आणि ही गोष्ट पुढे एकदा त्याच्या तोंडावर फेकली जाणार आहे. पोराच्या हातात कला आहे हे बघून वडिलांनी त्याला अब्बो नावाच्या नावाजलेल्या सोनाराकडे ठेवलं. अब्बो नुसता सोनार नव्हता, लिमोजची सरकारी टाकसाळ त्याच्याकडे होती. त्या काळात तिथे जे नाणं चालायचं ते सोन्याचंच, सोलिडस या रोमन नाण्याचा तिसरा हिस्सा, वजन साधारण 1.3 ग्रॅम म्हणजे आपल्या हिशोबात दहा-अकरा गुंजा, नखाएवढी चकती. आणि त्यावर राजाचं नाव असण्यापेक्षा गावाचं आणि नाणं पाडणाऱ्याचं नावच जास्त करून असायचं, म्हणजे हे सोनं मी पारखलंय याची जबाबदारी तो माणूस स्वतःच्या नावाने घ्यायचा. एलिजियसच्या नावाची नाणी आजही आहेत. पॅरिसची आहेत, मार्सेची आहेत, राजवाड्याच्या टाकसाळीची आहेत. मधोमध क्रॉस आणि कडेने त्याचं नाव. त्या शतकात नाण्यातलं सोनं हळूहळू कमी कमी होत गेलं, चांदीची भेसळ वाढत गेली आणि 670 च्या सुमाराला सोन्याचं नाणं बंदच पडून चांदीचं आलं. अशा घसरणीच्या काळात टाकसाळीत बसलेला हा माणूस, त्याच्यावर रोज किती दबाव येत असेल याचा विचार करून बघा.

क्लोथारने एकदा त्याला संतांच्या अस्थींवर हात ठेवून निष्ठेची शपथ घ्यायला सांगितली. रोज दरबारात होणारी गोष्ट, कुणीही घेतली असती. हा घेईना. राजा आग्रह करत होता आणि हा रडायला लागला, राजाला दुखवायचं नाही आणि पवित्र अस्थींवर हात ठेवायलाही मन धजत नाही अशी त्याची कोंडी झाली. शेवटी राजानेच विषय सोडला आणि म्हणाला, तू शपथ घेतली असतीस त्याहून जास्त विश्वास मला आता वाटतो.

629 मध्ये क्लोथार गेला, मुलगा डॅगोबर्ट राजा झाला, आणि त्याच्या दहा वर्षांच्या राज्यात एलिजियस राजाच्या अगदी आतल्या गोटात गेला. दादोने त्याचं रूपही लिहून ठेवलंय. उंच, लालसर चेहरा, केस सुंदर आणि कुरळे, हात सुरेख आणि बोटं लांब. मित्राचं वर्णन करताना बोटांपर्यंत जाणं हे सोनाराच्याच मित्राला सुचावं. सुरुवातीला हा अगदी नटून असायचा, सोन्याने मढवलेला रत्नजडित कमरपट्टा, जडावाची बटवी, सोन्याच्या तारेची किनार असलेलं लिनन, काही कपडे तर संपूर्ण रेशमाचे. आणि या सगळ्याच्या आत, अंगाला लागून, जनावरांच्या केसांचा खरखरीत काटेरी सदरा, देहदंड म्हणून घातलेला. मग एकेक करत अंगावरचं सगळं वाटलं गेलं, आणि दादो लिहितो की ज्याला सोन्याने झगमगताना बघायचो तो पुढे साध्या जाड्याभरड्या कपड्यात, कमरेला दोरी बांधून फिरताना दिसायचा. डॅगोबर्टने अनेकदा स्वतःच्या अंगावरचा कपडा आणि पट्टा काढून त्याला दिलाय. तोही टिकायचा नाही.

इथे थोडं त्याच्या कामाबद्दल सांगतो कारण त्यात आपल्याकडचा एक धागा आहे. मेरोव्हिंजियन दागिन्यांची खासियत म्हणजे सोन्याच्या पातळ पट्ट्यांचे छोटे छोटे खण करायचे आणि त्यात लालभडक गार्नेटच्या चकत्या बसवायच्या, आतून चमक यावी म्हणून खाली बारीक नक्षी उठवलेला सोन्याचा वर्ख. फ्रान्समधल्या प्रयोगशाळांनी या गार्नेटची तपासणी केली तेव्हा लक्षात आलं की 5व्या-6व्या शतकातले बरेचसे मोठे खडे भारतातून आणि श्रीलंकेतून गेलेले आहेत. 7व्या शतकात ही आवक आटली आणि बोहेमियाकडचे, म्हणजे आजच्या चेक देशाकडचे, लहान खडे यायला लागले. म्हणजे एलिजियसच्या पिढीतले सोनार जुन्या दागिन्यांतले खडे उकलून पुन्हा वापरत असतील तर त्यातले काही आपल्याच मातीतले असणं अगदी शक्य आहे.

तो कामाला बसला की समोर एक ग्रंथ उघडा ठेवलेला असायचा, हात कामात आणि डोळे अधूनमधून पानावर. आपल्याकडे नरहरी सोनारांनी धंदा आणि भक्ती एकाच बागेसरीवर ठेवली तसंच हे. आणि बाजूला बसून काम करायचा टिलो, सॅक्सन पोरगा, गुलाम म्हणून आलेला.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं तिथे येतो. त्या काळात माणसांचा बाजार होता. लढाईत पकडलेली, कर्जात बुडालेली, किनाऱ्यावरून पळवलेली माणसं जहाजातून उतरवायचे आणि विकायचे. एलिजियसला कुठेही विक्री आहे असं कळलं की तो तिकडे धावत सुटायचा आणि पैसे मोजून माणसं सोडवायचा. कधी वीस, कधी तीस, कधी एकदम पन्नास. कधी जहाजातून उतरलेली सगळीच्या सगळी टोळी, शंभरापर्यंत माणसं, बायका आणि पुरुष. चरित्रात कुठल्या कुठल्या लोकांची नावं येतात तर रोमन, गॉल, ब्रिटन, मूर, आणि सगळ्यात जास्त सॅक्सन, ज्यांना त्या वेळी आपल्या घरादारातून उपटून मेंढरांच्या कळपासारखं चहूकडे हाकलत नेत होते. पैसे कमी पडले की हा अंगावरचं काढून द्यायचा, पट्टा गेला, अंगरखा गेला, ताटातलं अन्न गेलं, पायातले जोडेसुद्धा गेले.

हे वाचताना माझ्या डोक्यात पुन्हा पुन्हा तो कमरपट्टा येतो. सोनाराने स्वतःच्या हाताने केलेली वस्तू, कुठलं जोडकाम किती वेळा फसलं आणि कुठला खडा बसवताना रात्र झाली हे त्याला पाठ असतं. आजोबा विकलेल्या दागिन्याबद्दलसुद्धा वर्षानुवर्षं बोलायचे, तो अमक्यांच्या घरी आहे, त्याची कडी मी बदलून देणार होतो वगैरे. अशी वस्तू दलालाच्या तराजूत टाकायची, त्याने ती नुसत्या वजनाने तोलायची, घडणावळ शून्य, आणि बदल्यात समोरच्या रांगेतली दोन की तीन माणसं बाजूला काढायची. सोन्याचा भाव आयुष्यभर माहीत असलेला माणूस हे करत होता म्हणून मला ते मोठं वाटतं.

सोडवल्यावरही काम संपत नव्हतं, कारण नुसतं मोकळं सोडलं तर पुढच्या गावात कुणीतरी पुन्हा पकडणार. म्हणून तो त्यांना राजासमोर न्यायचा. फ्रँकांच्या कायद्यात पद्धत होती की राजाच्या देखत एक नाणं खाली टाकायचं आणि त्याबरोबर माणूस स्वतंत्र झाला, मग त्याला तसा लेखी कागद मिळायचा. त्यानंतर हा त्यांना तीन रस्ते द्यायचा, घरी जायचं असेल तर वाटखर्ची देतो, माझ्याजवळ राहायचं असेल तर नोकर म्हणून नव्हे भाऊ म्हणून राहा, आणि मठात जायचं असेल तर ती व्यवस्था करतो. माणसाला विचारायचं की तुला काय हवंय, जे त्या बाजारात त्याला कुणीच विचारलेलं नसतं.

मी याचा दुसऱ्या बाजूनेही विचार केलाय. एलिजियसने गुलामगिरी चूक आहे असं म्हटल्याचं कुठे दिसत नाही, त्या काळच्या चर्चच्या जमिनींवरही बांधलेली माणसं राबत होतीच, आणि ज्या राजाच्या पैशाने तो सोडवत होता त्या राजाच्या लढायांमधूनच नवे कैदी येत होते. शिवाय एखादा माणूस दरवेळी येऊन पूर्ण किंमत देतो म्हटल्यावर दलालांचं काय वाईट होणार होतं. हे सगळं खरं आहे. पण जहाजातून उतरलेल्या त्या बाईला या हिशोबाशी काही देणंघेणं नव्हतं, तिच्यापुढे त्या दिवशी एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर एक सोनार घेऊन आला होता. मला या प्रश्नावर तिच्या बाजूला उभं राहावंसं वाटतं.

परदेशातून कुणी त्याचं घर विचारत आला तर लोक सांगायचे, अमक्या बाजूला जा आणि जिथे गरिबांची गर्दी दिसेल तिथे तो असेल. फाशी दिलेल्या माणसांची प्रेतं लटकत ठेवायची पद्धत होती, त्याने राजाकडून परवानगी काढली की ती उतरवून मी पुरेन, आणि या कामासाठी त्याची माणसं नेमलेली होती.

632 मध्ये त्याने लिमोजजवळ सोलिन्याकला मठ काढला. ही जागा त्याने डॅगोबर्टकडे मागितली ती काय सांगून, तर राजा, ही जमीन मला दे, तिथे मी एक शिडी उभी करतो, तुलाही आणि मलाही स्वर्गात चढता येईल अशी. मठाची सनद अजूनही उपलब्ध आहे. पुढे तिथे वेगवेगळ्या देशांचे दीडशे साधू राहायला लागले आणि त्यात निरनिराळ्या कलांचे कारागीरही होते. मग पॅरिसमध्ये राजाने दिलेल्या घरात त्याने बायकांचा मठ काढला, तीनशे जणी, त्यात दासी होत्या आणि खानदानी घरच्या मुलीही होत्या, आणि वर मठाधिपती म्हणून ऑरिया.

या बांधकामातला प्रसंग मला खुर्चीच्या गोष्टीपेक्षाही जास्त आवडतो. शेजारची थोडी सरकारी जमीन हवी होती, ती मोजून मापं राजाला कळवून त्याने मागून घेतली होती. काम सुरू झालं, आणि नंतर लक्षात आलं की सांगितलेल्या मापापेक्षा जागा एक फूट जास्त भरतेय. एक फूट. त्याने तिथल्या तिथे काम थांबवलं, राजाकडे धावत गेला आणि जमिनीवर लोळण घेऊन माफी मागायला लागला, मी खोटं बोललो, मला शिक्षा कर. डॅगोबर्टने बाजूच्यांकडे बघून म्हटलं, बघा, माझे सरदार आणि कारभारी गावंच्या गावं गिळतात आणि या माणसाला वीतभर जमीन लपवता आली नाही. आणि दिलेली जागा दुप्पट केली. सोन्याच्या एका बियाएवढ्या वजनाला जपणारा माणूस जमिनीच्या बाबतीतही तसाच निघाला, आणि मला वाटतं माणसं सोडवणं हे त्या जपण्यातूनच आलंय. ज्याला एवढंसं कमी पडलेलं दिसतं त्याला शंभर माणसांची रांग न दिसणं शक्यच नव्हतं.

तो नेहमी एवढा मवाळ नव्हता हेही सांगायला हवं. पॅरिसमध्ये सेंट कोलंबाच्या चर्चमधले मौल्यवान दागिने आणि पडदे एका रात्री चोरीला गेले. पुजारी रडत आला. एलिजियस सरळ चर्चमध्ये गेला आणि संत कोलंबालाच सुनावलं की ऐक कोलंबा, गेलेल्या वस्तू परत आण, नाहीतर मी या दारावर काटेरी झुडपं आणून लावतो आणि आजपासून इथे तुझी पूजा बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं जागच्या जागी होतं, एक बारीकशी वस्तूसुद्धा कमी नाही. चमत्कार मानायचा की चोर घाबरला असं मानायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, त्या सुरातली सलगी मात्र मला अगदी खरी वाटते.

639 च्या जानेवारीत डॅगोबर्ट वारला. दोन वर्षांनी, 641 मध्ये, दादो आणि एलिजियस या दोघांना रूआँमध्ये एकाच दिवशी बिशप केलं. दादो रूआँचा, एलिजियस न्वायों आणि तूर्नेचा. पन्नाशी उलटलेला सोनार, आणि त्याला दिलेला मुलूख सगळ्यात अवघड, उत्तरेकडे फ्लँडर्स, गेंट, कोर्त्राइक, अँटवर्प, फ्रिसियन लोकांच्या वस्त्या, जिथे ख्रिस्ती धर्म अजून वरवरचाच होता. त्या भागातले लोक सुरुवातीला त्याच्यावर धावून यायचे.

त्याच्या नावावर एक लांबलचक प्रवचन आहे, त्यातलं बरंचसं आर्लचा बिशप सीझेरियस याच्या जुन्या प्रवचनांतून उचललेलं. पण यादी बघण्यासारखी आहे. शिंक आली म्हणून थांबू नका, पाखरू कुठल्या बाजूला ओरडलं ते बघू नका, ग्रहण लागलं की आरडाओरडा करू नका, ताईत गळ्यात बांधू नका, नवा चंद्र दिसल्यावर काम सुरू करायला घाबरू नका, गुरांना पोकळ झाडातून किंवा जमिनीच्या भोकातून काढू नका, विणताना रंगवताना मिनर्व्हा या रोमन देवीचं नाव घेऊ नका, 1 जानेवारीला हरणाची सोंगं काढू नका. बिशपला जे मोडायचं होतं ते त्याने इतक्या बारकाईने सांगितलं की आज तिथली साधी माणसं कशी जगत होती हे समजायला याच यादीचा आधार घेतला जातो.

आणि ती माणसं गप्प ऐकून घेणारी नव्हती. न्वायोंजवळ संत पीटरच्या सणाला लोक नाचगाणी करत होते, याने भर सभेत त्यांना झापलं. राजवाड्याचा मुख्य कारभारी एर्किनोआल्ड, त्याची माणसं त्या गर्दीत होती. ती म्हणाली, रोमना, तू कितीही बडबड, आमच्या चालीरीती तुला उखडता येणार नाहीत, आम्ही नेहमी केलं तसंच करणार. आयुष्य फ्रँक राजांच्या सेवेत गेलं, राजा स्वतःचे कपडे उतरवून द्यायचा, आणि शेवटी गावजत्रेत ऐकायला काय मिळालं तर तू परका. एलिजियस यावर चिडला, शाप दिला, पन्नासहून जास्त जणांना वर्षभर भूतबाधा झाली असं चरित्र सांगतं आणि पुढच्या सणाला त्यानेच त्यांना बरं केलं. मला या प्रसंगात नाचणाऱ्यांचंही म्हणणं समजतं, आणि चरित्रकाराने त्यांचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत.

बिशप झाल्यावरही त्याचे हात सुटले नाहीत. हुतात्मा संत क्वेंतॅं याचं शरीर चर्चमध्ये कुठेतरी पुरलंय अशी आख्यायिका होती पण जागा कुणालाच माहीत नव्हती. त्याने खणायला लावलं. ठिकठिकाणी खड्डे झाले, माणसं थकली, तिसऱ्या रात्री एका कोपऱ्यात खूप खोल गेल्यावर जुन्या पेटीसारखं काही दिसायला लागलं. तेव्हा याने अंगावरचा झगा काढून फेकला आणि मेणबत्त्यांच्या उजेडात स्वतः कुदळ मारायला लागला. पेटी लागली, आत शरीर मिळालं आणि त्यात ठोकलेले मोठे लोखंडी खिळे मिळाले. मग त्याच्यासाठी सोन्याचांदीची, रत्नांची समाधी त्यानेच केली. अशा समाध्या त्याने कितीतरी केल्या, सेंट जर्मेनची, पॅरिसच्या जनव्हिएव्हची, तूरच्या मार्टिनची, सेंट डेनिसच्या थडग्यावरचं सगळं काम.

यातलं जवळपास काही उरलेलं नाही. पॅरिसजवळच्या शेलच्या मठात त्याच्या नावाने ओळखला जाणारा सोन्याचा मोठा पेला होता, फ्रेंच राज्यक्रांतीत तो वितळवला गेला, आता फक्त 17व्या शतकातलं एक रेखाचित्र आहे. सेंट डेनिसच्या वेदीमागचा त्याचा प्रचंड क्रॉस साधारण 1500 सालच्या एका चित्रात दिसतो, ते चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, आणि खऱ्या क्रॉसचा हातात मावेल एवढा तुकडा पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात. डॅगोबर्टची खुर्ची म्हणून तिथेच एक ब्राँझचं आसन ठेवलंय, त्याचंही श्रेय लोक एलिजियसला देत आले, पण ती सोन्याची नाही आणि ती नेमकी किती जुनी यावर एकमत नाही. पुढच्या शतकांत तो सोनार, लोहार, नालबंद सगळ्यांचा संत झाला, घोड्याचा पाय काढून नाल ठोकून परत बसवला अशी गोष्टही जोडली गेली जी मूळ चरित्रात नाहीच.

1 डिसेंबर 660 ला तो गेला, सत्तरी पार करून. आणि इथे बाल्थिल्ड येते. बाल्थिल्ड ही फ्रँकांची राणी, डॅगोबर्टचा मुलगा दुसरा क्लोव्हिस याची विधवा, मुलगा लहान म्हणून राज्य तीच बघत होती. पण ती जन्माने सॅक्सन, इंग्लंडकडून समुद्रापार आणलेली आणि स्वस्तात विकली गेलेली गुलाम. विकत घेणारा हाच एर्किनोआल्ड, ज्याच्या माणसांनी एलिजियसला रोमना म्हणून हिणवलं होतं. एलिजियस आजारी आहे असं कळताच ती मुलांना घेऊन न्वायोंला धावली, पोचली तर सगळं संपलेलं. तिला त्याचं शरीर शेलच्या आपल्या मठात न्यायचं होतं, पॅरिसचे लोक म्हणाले आमच्याकडे, न्वायोंचे लोक हटून बसले की आमचा बिशप आमच्याकडेच राहणार. उचलायला गेले तर शरीर हलेना. राणीने स्वतः हात लावून बघितलं, नाही हललं, मग तिने हट्ट सोडला. अंत्ययात्रेच्या वेळी कडाक्याचा हिवाळा आणि पाऊस, वाटेत दलदल, लोक म्हणाले वाहनात बसा, ती चिखलातून चालत गेली.

नंतर तिने स्वतःचे दागिने उतरवून दिले आणि त्या सोन्याची समाधीवर छत्री झाली. शेलच्या म्युझियममध्ये तिच्या नावाचं एक लिननचं वस्त्र आहे, त्यावर गळ्याशी रेशमाच्या धाग्याने दागिने भरलेत, एकाखाली एक हार आणि खाली लोंबणारा मोठा क्रॉस, प्रत्येक खडा वेगळ्या रंगाच्या धाग्याचा. मी त्याचे फोटो मोठे करून करून बघितलेत. भरतकाम करणाऱ्या हाताला खऱ्या दागिन्याची घडण पुरती माहीत होती, कोंदण कुठे येतं, पदक कुठून लटकतं, सगळं.

राज्य हातात असताना बाल्थिल्डने ख्रिस्ती माणसांना परदेशी विकायला बंदी घातली आणि तसे हुकूम ठिकठिकाणी पाठवले. तिच्या चरित्रात हेही आहे की तिने पुष्कळ कैद्यांना पैसे भरून सोडवलं, आणि त्यातही आपल्या सॅक्सन लोकांपैकी अनेकांना सोडवून मठांमध्ये पाठवलं. बाजार त्याने बंद पडला नाही, पुढची कित्येक शतकं चालूच राहिला. पण एलिजियसने जे स्वतःच्या कमरपट्ट्यापासून सुरू केलं होतं ते विकल्या गेलेल्या एका बाईने राजाज्ञेत नेलं, आणि तिच्याकडे ते त्याच्याकडूनच आलं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. टिलोसुद्धा पुढे सोलिन्याकच्या मठात गेला, आणि 7 जानेवारी हा दिवस आजही त्याच्या नावाचा आहे, संत टिलो म्हणून.